दोन्ही पारडी

माझ्या दादानं आता पन्नाशी ओलांडली आहे. आमच्या घरातल्या पुरुषांना हे वय सहसा लाभलेलं नाही. वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले, त्यांचे थोरले भाऊ त्याही आधी. त्यात दादाला ऐन तारुण्यात स्किझोफ्रेनिया झाला. या आजाराची माणसं इतरांपेक्षा सरासरी पंधरा ते वीस वर्षं आधी जातात आणि त्यांतली बरीचशी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी जातात. हे दोन्ही धोके अंगावर घेऊन दादा आज सांगलीतल्या एका छापखान्याचे हिशेब बघतो, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला जातो आणि रात्री क्लोझापीनची गोळी घेऊन झोपतो. या साध्या दिनक्रमामागे पुष्कळ माणसांचे उपकार आहेत. त्यांतली काही रोजच्या पाहण्यातली, काही परदेशातली, ज्यांची नावंही मला कधी कळणार नाहीत. सगळ्यांबद्दल एकदा नीट लिहावं असं फार वाटत होतं.

आजार सुरू झाला तेव्हा दादा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होता. वर्गातली मुलं आपल्याबद्दल कुजबुजतात, इथून सुरुवात झाली. मग भिंतीपलीकडून कुणीतरी बोलू लागलं, आणि पुढे आसपास कुणी नसतानाही त्याला आवाज ऐकू यायला लागले. ते आवाज त्याला नावानं हाक मारत, शिव्या देत, वडिलांच्या मरणाचा दोष त्याच्या माथी मारत. ‘बाहेरचं काहीतरी असेल’ म्हणून घरात जे जे होतं ते आधी झालं. मग औषधं सुरू झाली. हॅलोपेरिडॉलनं अंग आखडलं, मान एका बाजूला वळून राहायची. थायोरिडॅझिनवर अंग मोकळं राहिलं, पण आवाज राहिलेच. रिस्पेरिडोन झालं, ओलान्झापीन झालं. ओलान्झापीनवर वजन इतकं वाढलं की त्याचे कॉलेजातले कपडे आईनं बोहारणीला देऊन टाकले. प्रत्येक गोळीनं थोडा फरक पडायचा. झोप लागायची, चिडचिड कमी व्हायची. आवाज मात्र हटले नाहीत.

एका पावसाळ्यात त्या आवाजांनी दादाला आयर्विन पुलावर नेलं. कठड्याशी तो बराच वेळ उभा आहे, हे आमच्याच गल्लीतल्या एका रिक्षावाल्या काकांच्या लक्षात आलं. त्यांनी रिक्षा कडेला लावली, त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले, पाण्याबद्दल आणि पावसाबद्दल बोलत राहिले आणि ‘चल, चहा घेऊ’ म्हणत त्याला घरी घेऊन आले. भाडं घेतलं नाही. गल्लीत कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही. हे पहिलं ऋण.

त्यानंतर आम्ही मिरजेला मॅडमकडे गेलो. त्या भागातली माणसं मनाच्या डॉक्टरकडे जायला अजून बिचकत होती, तेव्हापासून त्यांची तिथं प्रॅक्टिस. आजवर डॉक्टर बोलायचे ते आईशी किंवा माझ्याशी. तो झोपतो का, तो जेवतो का, तो गोळ्या घेतो का. मॅडमनी खुर्ची दादासमोर घेतली आणि विचारलं, “तुम्हाला आवाज जास्त कधी येतात? सकाळी की रात्री?” दादा क्षणभर गोंधळला, मग बोलायला लागला. आम्हाला घरात ठाऊक नव्हत्या अशा कितीतरी गोष्टी त्यानं त्या दिवशी सांगितल्या.

आईनं जुन्या चिठ्ठ्या एका कापडी पिशवीत जपून ठेवल्या होत्या. मॅडमनी त्या टेबलावर पसरल्या आणि एकेका औषधाचा डोस, ते किती महिने चाललं, का बंद झालं, हे वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, “दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसात, पुरेसे दिवस घेऊनही आवाज जात नसतील, तर त्याच जातीचं आणखी एक औषध देऊन फारसं काही हाती लागत नाही. अशा वेळी क्लोझापीनचा विचार करायचा असतो. पण हे औषध घेण्याआधी त्याचा पूर्वेतिहास तुम्हाला माहीत हवा.”

तो पूर्वेतिहास त्यांनी दादाला सांगितला, आम्ही ऐकला. क्लोझापीन स्वित्झर्लंडमध्ये पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला तयार झालं. अंग न आखडता काम करणारं औषध म्हणून सत्तरीत युरोपात त्याचं स्वागत झालं. १९७५ साली फिनलंडमध्ये ते बाजारात आलं आणि काही महिन्यांतच काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीशा झाल्या. साध्या जंतुसंसर्गाशी लढायलाही शरीरात काही उरलं नाही आणि आठ रुग्ण दगावले. औषध बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं. पुढे १९८८ साली अमेरिकेत जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इतर औषधांनी बरं न वाटलेल्या २६८ रुग्णांवर सहा आठवड्यांची चाचणी केली. क्लोरप्रोमॅझिनवर १०० पैकी ४ जणांना स्पष्ट गुण आला, क्लोझापीनवर ३० जणांना. त्या आकड्यामुळे हे औषध परत आलं. पण नियमित रक्त तपासण्याच्या अटीवर. “म्हणजे शंभरातल्या सत्तरांना सहा आठवड्यांत म्हणावा तसा गुण आला नव्हता, हेही लक्षात ठेवा,” असं मॅडमनी स्वतःहून सांगितलं. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो या वाक्यानं.

रक्ताची गोष्ट घरात सगळ्यांनी मान्य केली. हृदयाच्या गोष्टीवर मात्र अडलं. माझे मामा दादाच्या बाबतीत फार हळवे. मनाच्या औषधांनी हृदय अचानक बंद पडतं, असं त्यांनी पेपरात वाचलेलं. “बापाचं काय झालं ते विसरलात का? वेडा असला तरी पोरगा जिवंत आहे. गोळ्यांनी मारू नका त्याला,” असं ते आईला म्हणाले. हेच ते मॅडमसमोरही म्हणाले. मॅडमनी त्यांना गप्प केलं नाही. “तुमची भीती खरी आहे,” म्हणाल्या. “ती कशावर उभी आहे तेही दाखवते. पण समोरचं पारडंही बघावं लागेल.”

ही गोष्ट २०१० ची. आदल्याच वर्षी या विषयावरचे दोन मोठे अभ्यास काही महिन्यांच्या अंतरानं प्रसिद्ध झाले होते आणि दोन्हींच्या छापील प्रती मॅडमच्या टेबलावर होत्या. पहिला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला, वेन रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. सरकारी आरोग्य योजनेतल्या हजारो माणसांच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवलं होतं, की मनोविकारावरची जुनी आणि नवी, दोन्ही प्रकारची औषधं घेणाऱ्यांत हृदय अचानक थांबून होणारे मृत्यू न घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट होते आणि डोस वाढेल तसा धोका वाढत होता. मामांच्या पेपरातली बातमी बहुधा याचीच असावी. दुसरा अभ्यास फिनलंडचा, यारी टिहोनेन यांचा. तिथल्या ६६,८८१ रुग्णांच्या अकरा वर्षांच्या नोंदींत, दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांपेक्षा औषध अजिबात न घेणारे जास्त मरण पावले होते आणि सगळ्या औषधांत सर्वांत कमी मृत्यू क्लोझापीन घेणाऱ्यांत होते.

मामा म्हणाले, “मग यातलं खरं कुठलं?”

मॅडमचं उत्तर मी त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. दोन्ही खरे, त्या म्हणाल्या. पहिला अभ्यास एकाच प्रकारच्या मृत्यूकडे बघतो, दुसरा सगळ्याच मृत्यूंकडे. दुप्पट हा शब्द ऐकून छातीत धस्स होतं. पण दुप्पट म्हणजे किती, ते विचारायला हवं. पहिल्या अभ्यासात तो आकडा वर्षाला हजार माणसांमागे साधारण तीन इतका येतो. तो लहान आहे, पण तुमच्या घरात घडला तर लहान राहत नाही. दुसऱ्या बाजूला आत्महत्या आहे, उपाशी राहणं आहे, रस्त्यावर भटकणं आहे, मधुमेह झाला तरी दवाखान्यात न जाणं आहे. आजार उघडा राहिला तर हे सगळं माणसाच्या आयुष्यातून वर्षं कमी करत जातं आणि त्याची बातमी होत नाही. मग त्यांनी फिनलंडच्या अभ्यासाची कमजोर बाजूही सांगितली. क्लोझापीन घेणारा माणूस रक्ततपासणीसाठी सतत डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे त्याचे इतर आजारही वेळेवर कळतात. औषधाचं श्रेय किती आणि या देखरेखीचं किती, हे अशा नोंदींवरून पूर्णपणे वेगळं करता येत नाही. “म्हणून आपण दोन्ही घ्यायचं,” त्या म्हणाल्या. “औषधही आणि देखरेखही.”

त्यांनी एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले. गोळी घेतली तर काय होऊ शकतं. गोळी घेतली नाही तर काय होऊ शकतं. आणि तिसऱ्यात, कशावर लक्ष ठेवायचं आणि कधी. पहिल्या रकान्यात पांढऱ्या पेशी, हृदयाच्या स्नायूला येणारी सूज, ठोक्यांची लय, वजन, साखर आणि बद्धकोष्ठ. दुसऱ्यात त्यांनी काही लिहिलं नाही. कागद दादाकडे सरकवला. दादानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं : पूल. त्याखाली : आवाज. त्याखाली : आई थकली आहे. आम्ही सगळे तो कागद बघत बसलो. घरातल्या इतक्या वर्षांच्या चर्चेत औषधाचे दुष्परिणाम आम्ही मोजत आलो होतो. औषध न लागू पडण्याचे परिणाम अशा स्पष्ट शब्दांत कुणी मांडले नव्हते. मामांनीही त्या दिवशी मान हलवली.

पण मॅडम तिथंच थांबल्या नाहीत. घरातला हृदयविकाराचा इतिहास पाहता हृदयरोगतज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय पहिली गोळी द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी आम्हाला ज्या सरांकडे पाठवलं, ते वयानं मोठे, कमी बोलणारे. त्यांनी कार्डिओग्राम काढला, टूडी इको केली आणि दादाला कागदावरच्या रेषा दाखवून समजावलं. ठोका पडतो तेव्हापासून हृदयाच्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ या दोन खुणांमधल्या अंतरात दिसतो. त्याला क्यूटी म्हणतात. पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडायची एक वाट असते. मनोविकाराची काही औषधं ती वाट अडवतात आणि तयारीचा वेळ लांबतो. फार लांबला तर क्वचित ठोक्यांची लय बिघडते आणि हृदयाकडून रक्त पुढे ढकललं जात नाही. पुरुषांत नाडीच्या गतीप्रमाणे दुरुस्त केलेला हा आकडा ४५० मिलिसेकंदांच्या आत असावा. ५०० च्या पुढे गेला तर औषधाचा फेरविचार करायचा. दादाचा आकडा आत होता. जुन्या चिठ्ठ्यांत थायोरिडॅझिन पाहून सर थोडा वेळ थांबले. याच कारणासाठी २००५ साली मूळ कंपनीनं ते औषध जगभरातून काढून घेतलं होतं. दादा ते घेत होता त्या काळात त्याचा कार्डिओग्राम एकदाही निघाला नव्हता. तेव्हा तशी पद्धतच नव्हती.

निघताना सरांनी एक गोष्ट सांगितली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष आपल्या या मुळीकडे गेलं. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याआधीच, १९३१ साली, ती रक्तदाबावर आणि वेडावरही चालते असं लिहून ठेवलं होतं. पुढे १९५४ साली नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये त्याच मुळीतलं रेसर्पिन मनोरुग्णांना देऊन पाहिलं. “एकाच मुळीनं हृदयाचे आणि मनाचे डॉक्टर एका टेबलावर आणले होते,” सर म्हणाले. “मधल्या काळात आम्ही वेगळे झालो. तुमच्या मॅडमनी फोन केला हे चांगलं केलं.” त्यानंतर कितीतरी वर्षं या दोघांचं दादाबद्दल फोनवर बोलणं होत राहिलं. एकाच माणसाचं मन एका डॉक्टरकडे आणि हृदय दुसऱ्याकडे, आणि दोघांना एकमेकांच्या चिठ्ठ्या ठाऊक नाहीत, अशी घरं मी पुढे पुष्कळ पाहिली. आम्हाला त्या वाटेनं जावं लागलं नाही.

सगळं झाल्यावर मॅडमनी दादाला विचारलं, “तुमचं काय म्हणणं आहे?” आई काहीतरी बोलणार होती, तिला त्यांनी हातानं थांबवलं. दादा म्हणाला, “हृदय बंद पडेल याची मला भीती आहे. पण ते कधीतरी पडेल. आवाज आत्ता आहेत. मी गोळी घेतो, तुम्ही हृदयावर लक्ष ठेवा.” त्याच्या आजाराचं नाव पुढे करून कुणीही म्हणू शकलं असतं, की त्याला काय कळतंय. मॅडमनी त्याचे शब्द केसपेपरवर जसेच्या तसे लिहिले.

सुरुवात साडेबारा मिलिग्रॅमनं झाली, म्हणजे पंचवीसच्या गोळीचा अर्धा तुकडा. दर आठवड्याला सीबीसी. शिवाय हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर रक्तात वाढणारं ट्रोपोनिन आणि सूज दाखवणारं सीआरपी. या तपासण्यांमागेही एक इतिहास होता. १९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये कळवलं होतं, की तिथल्या सुमारे ८,००० क्लोझापीन रुग्णांपैकी १५ जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली आणि त्यांतले ५ दगावले. सगळ्यांना तो त्रास पहिल्या तीन आठवड्यांतच सुरू झाला होता. म्हणून डोस अगदी हळू वाढवायचा आणि सुरुवातीचे आठवडे डोळ्यांत तेल घालून काढायचे.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री दादाला ताप भरला. नाडी मोजली तर एकशेवीसच्या आसपास. मॅडमनी आधीच बजावून ठेवलं होतं, की ताप, छातीत दुखणं किंवा धाप, यातलं काहीही झालं तर रात्र असो, दिवस असो, फोन करायचा. मी फोन केला. त्यांनी त्या रात्रीचा डोस थांबवायला सांगितलं आणि आम्ही मिरजेत पोचेपर्यंत लॅबवाल्या काकांना उठवून दुकान उघडायला लावलं. काकांनी रक्त घेतलं आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत आमच्याबरोबर बाकड्यावर बसून राहिले. सर पहाटे आले, इको पुन्हा केली. ट्रोपोनिन वाढलेलं नव्हतं, हृदयाचं आकुंचन पहिल्यासारखंच होतं, पांढऱ्या पेशी पुरेशा होत्या. क्लोझापीनच्या पहिल्या आठवड्यांत निव्वळ औषधाचा म्हणून साधा तापही येतो, नाडीही वाढते. बहुधा तेच होतं. घाबरून त्या रात्री औषध कायमचं बंद करणं सोपं होतं आणि त्यासाठी कुणी डॉक्टरांना दोष दिला नसता. दुसरीकडे, ‘होतं असं’ म्हणून पुढचा डोस तसाच दिला असता तर एखाद्या वेळी जिवावर बेतलं असतं. त्या दोघांनी आणि काकांनी एक रात्र खर्ची घालून आम्हाला या दोन्हींतून वाचवलं. डोस एक पायरी खाली आणला आणि मग आणखी संथपणे वर नेला.

गुण यायला काही महिने लागले. आधी आवाज लांबून यायला लागले, मग ते काय म्हणतात ते कळेनासं झालं. एक दिवस दादा जेवताना म्हणाला, “आज सकाळपासून कुणी बोललं नाही.” आईनं हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. सगळेच आवाज गेले असं नाही. अजूनही दमला, जागरण झालं की एखादा येतो. पण दादाला आता तो ओळखता येतो. छापखान्यात काम त्याला त्यानंतर मिळालं. मालकांना आजाराबद्दल सगळं सांगितलं होतं. “हिशेब चुकला नाही म्हणजे झालं,” एवढंच ते म्हणाले आणि सकाळी औषधाची गुंगी असते म्हणून त्याची वेळ अकराची ठेवली. त्यांचंही नाव या यादीत आहे.

हृदयाचा खरा लांबचा धोका मात्र पुढे होता, आणि तो कार्डिओग्रामवर दिसणारा नव्हता. क्लोझापीन भूक वाढवतं, वजन वाढवतं, साखर आणि चरबी वाढवतं. वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तवाहिन्या भरत जातात. मॅडमच्या टेबलावर रक्तदाबाच्या यंत्राशेजारी मोजपट्टी असायची. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत, हे त्यांनी दादाला पाठ करायला लावलं. साखर काठावर आली तेव्हा वाट न बघता मेटफॉर्मिन सुरू केलं. आईनं दुपारचा भात कमी करून ज्वारीची भाकरी वाढवली, चहातली साखर घालवली. आतडी मंद होतात म्हणून रोज रात्री इसबगोल; ही बारीकसारीक तक्रार नाही, दुर्लक्ष केलं तर तीही जीव घेते, हे मॅडम प्रत्येक भेटीत बजावत.

सिगारेटचा प्रसंग तर मला फार शिकवून गेला. या आजारातली पुष्कळ माणसं ओढतात, दादाही खूप ओढायचा. हृदयासाठी ती सुटणं सगळ्यांत महत्त्वाचं, असं सरांचं म्हणणं. दादानं मनावर घेतलं आणि बंद करतो म्हणाला. आम्ही आनंदानं मॅडमना सांगायला गेलो, तर त्यांनी लगेच डोसाची वही काढली. सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापीन झपाट्यानं निकामी करतं; धूर थांबला की तेवढ्याच गोळीत रक्तातलं औषध वाढतं, गुंगी येते, फिट येऊ शकते. म्हणून सिगारेट सुटत गेली तसा त्यांनी डोसही बेतानं कमी केला. दादानं जे हृदयासाठी केलं, त्याचा त्रास मेंदूला होऊ दिला नाही. चांगल्या गोष्टीचाही हिशेब ठेवावा लागतो, हे मी तिथं शिकले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा शहरात शिरली. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५५ च्याही वर गेलं. गावभागातल्या आमच्या घरात खालचा मजला बुडाला आणि वरच्या मजल्यावर आम्ही तिघं अडकलो. गोळ्या संपत आल्या होत्या. क्लोझापीनमध्ये ४८ तासांहून जास्त खंड पडला तर पूर्वीचा डोस एकदम सुरू करता येत नाही, रक्तदाब आणि हृदय दोन्हींना धोका असतो. पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून चढत जावं लागतं, आणि तोवर आवाज परतलेले असतात. आमचे औषध दुकानदार स्वतः पुरात होते. दुकानातला माल त्यांनी माळ्यावर चढवला होता. मी फोन केला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “रात्रीपर्यंतची आहे ना?” दुसऱ्या दिवशी बचावकार्याच्या बोटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पट्ट्या आमच्या गॅलरीपर्यंत आल्या. पैशांचं त्यांनी पुढे कित्येक दिवस नाव काढलं नाही.

पुढच्या वर्षी फिनलंडहून आणखी एक अभ्यास आला, ६२,२५० रुग्णांचा, वीस वर्षांच्या मुदतीचा. मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या, तरी त्यांनी तो मला आवर्जून पाठवला. औषध न घेतलेल्या काळाच्या हिशेबात वीस वर्षांतले मृत्यू ४६.२ टक्के, कोणतंही औषध घेतलेल्या काळात २५.७ टक्के आणि क्लोझापीनच्या काळात १५.६ टक्के. खाली त्यांनी लिहिलं होतं, “फिनलंडच्या आधीच्या अभ्यासाबद्दलची माझी शंका याही अभ्यासाला थोडी लागू आहे. तरी मामांना दाखवा.” मामा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी त्यांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी दादाला जवळ बोलावलं, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “बरं झालं, माझं ऐकलं नाहीस.” पण मामांचंही माझ्यावर ऋण आहे. त्यांनी भीती बोलून दाखवली म्हणूनच घरासमोर सगळं मोकळेपणानं मांडलं गेलं, सरांकडे जाणं झालं, आणि हृदयाची काळजी पहिल्या दिवसापासून उपचाराचा भाग झाली.

त्याहून मोठं ऋण आहे ते अनोळखी माणसांचं. फिनलंडमधले ते आठजण गेले तेव्हा दादा जेमतेम वर्षाचा होता. त्यांच्या मृत्यूमुळे जगाला रक्त तपासायची शिस्त लागली आणि त्या शिस्तीच्या जोरावर औषध परत आलं. ऑस्ट्रेलियातले पाचजण गेले म्हणून तिसऱ्या आठवड्यातल्या तापाचा अर्थ आमच्या मॅडमना माहीत होता. टेनेसीत ज्यांची हृदयं अचानक थांबली, त्यांच्यामुळे दादाचा कार्डिओग्राम निघाला. तीही कुणाची तरी मुलं होती, भाऊ होते, बहिणी होत्या. त्यांच्यावर घातलेला धोका त्यांना कुणी आधी सांगितला नव्हता, कारण तो तेव्हा कुणालाच पुरता ठाऊक नव्हता. आम्हाला तो आकड्यांत, तारखांत, तपासण्यांच्या वेळापत्रकात हाती मिळाला. औषधाच्या माहितीपत्रकातल्या इशाऱ्यांकडे मी घाबरवणारा मजकूर म्हणून बघू शकत नाही. त्यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी जाण्यानं लिहिली गेली आहे.

म्हणूनच आज गोळ्या सुरू असूनही ज्यांची कंबर कुणी मोजत नाही, साखर बघत नाही, कार्डिओग्राम काढत नाही, अशा रुग्णांची घरं पाहिली की मला राग येतो. या तपासण्यांना मोठं शहर लागत नाही, फार पैसाही लागत नाही. ‘हृदयाला धोका आहे’ एवढं ऐकून परस्पर गोळी बंद करणारी घरंही मी पाहते. दोन्हीकडे अर्धाच हिशेब होतो, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. धोका आहे, हे खरं. औषध नसण्याचा धोका आहे, हेही तितकंच खरं. दोन्ही पारड्यांत काय आहे ते बघितल्याशिवाय यातलं काहीच ठरवता येत नाही, आणि एकदा ठरवून भागतही नाही; वय वाढतं, वजन बदलतं, नवी औषधं येतात, तसं पुन्हा तोलावं लागतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला आपल्या पुढच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला. दादानं तो वापरला. त्यानं लिहिलं आहे, की आजार पुन्हा वाढला आणि मला नीट बोलता आलं नाही, तर क्लोझापीन हाच माझा निर्णय समजावा. हृदयाची तक्रार आली तर दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. आणि मी शुद्धीवर आलो की पुन्हा मला विचारावं. प्रतिनिधी म्हणून माझं नाव आहे.

रिक्षावाले काका, मॅडम, सर, लॅबवाले काका, छापखान्याचे मालक, औषध दुकानदार, मामा, आई आणि परदेशात मरून गेलेली ती माणसं, यांच्यापैकी कुणाचंही मला काही परत करता येणार नाही. मॅडमना एकदा मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, “त्याला विचारत राहा. तेवढं पुरे.” पुढे वय वाढेल, हृदयावरचीही औषधं लागतील, दोन औषधांचं एकमेकांशी जमतं का हा प्रश्न येईल, एखादा नवा डॉक्टर माझ्याकडे बघून ‘तो कसा आहे’ असं विचारेल. तेव्हा खुर्ची दादाकडे वळवायला सांगणं, हे माझं काम आहे, आणि मी ते करणार आहे.